सतरंजीवरची डोकी मोजा: गावची अंगणवाडी भरवायची कशी

अंगणवाडीच्या दाराशेजारी एक काळा फळा असतो. त्यावर एकूण पट, मुलगे किती, मुली किती, आजची हजेरी किती, असं खडूनं लिहिलेलं असतं. आमच्या फळ्यावर पट होता ३१ आणि हजेरी २६. ग्रामपंचायत सदस्य म्हणून मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सतरंजीवर नऊ पोरं होती आणि त्यातली दोन झोपलेली. बाकीची कुठं आहेत विचारलं तर मदतनीस म्हणाली, "येतात की ताई, खिचडी शिजली की डबा घेऊन येतात."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि नावंही खरीच होती. पोरं नोंदलेली होती, लसीला येत होती, खिचडीलाही येत होती. फक्त बसत नव्हती. चार-पाच जण तर सकाळी पिवळ्या गाडीतनं दुसऱ्या गावच्या इंग्रजी नर्सरीला जायचे आणि नाव इथंही असायचं. पट आणि सतरंजीवरची डोकी हे दोन वेगळे आकडे आहेत, हे कळायला मला पहिलं वर्ष लागलं. कोल्हापूरकडच्या कासारी खोऱ्यातल्या आमच्या हजार-बाराशे वस्तीच्या गावात पुढची चार वर्षं आम्ही जे केलं, जे फसलं आणि जे जमलं, त्यातनं ही वाट लिहिते आहे. सदस्य, पालक, बचत गटाच्या बाया, तरुण मंडळातली पोरं, कुणालाही ती धरता येईल.

आधी मोजणी

अकरा वाजता जा, न सांगता जा आणि आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी जा. फळ्याकडं बघू नका. आत बसलेली पोरं मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा.

मग गावातल्या ३ ते ६ वयाच्या सगळ्या मुलांची यादी करा. ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदी आणि आशाताईंची वही समोरासमोर ठेवली की निम्मी यादी तिथंच होते. उरलेली पायी फिरून. सेविकेला सोबत घ्या, तिच्या पाठीमागं जाऊ नका; नाहीतर तिला वाटतं चौकशी लागली, आणि पहिल्याच दिवशी माणूस हातचं जातं. मळ्यातली वस्ती, धनगरवाडा, वीटभट्टी सुटता कामा नये. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या पुढंमागं येतात, म्हणून ही फेरी वर्षातनं दोनदा मारायची: एकदा उन्हाळ्यात आणि एकदा गळीत हंगाम सुरू झाल्यावर. रोपलावणीच्या दिवसांत मोजलंत तर आकडा फसवा येतो, कारण तेव्हा अख्खं घरच चिखलात असतं.

वहीत प्रत्येक मुलापुढं एवढंच: नाव नोंदलंय का, रोज येतं का, येत नसेल तर कुठं असतं आणि का येत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईला विचाराच, पण आजीला विचारल्याशिवाय उठू नका. आमच्या भागात लहान पोराला कुठं धाडायचं हे बऱ्याच घरांत आजी ठरवते. आम्हाला मिळालेली उत्तरं अशी: "तिथं नुसती खिचडी मिळती, शिकवत न्हाईत." "गाडी दारात येती, इथं सोडायला कोण जाणार?" "बारालाच सोडत्यात, मी भांगलायला गेल्यावर पोरगं बघणार कोण?" "संडासला कुलूप असतंय." आणि एका आजीनं हळूच सांगितलं, "आमचं पोरगं तिथं बोलतच न्हाई, घरात तर गप बसत न्हाई."

हे शेवटचं उत्तर मी लिहून घेतलं आणि विसरले. त्याचा अर्थ पुढं लागला.

मग एक तास नुसतं बसा

मोजून झालं की सतरंजीच्या कडेला बसा. मोबाईल पिशवीत ठेवा आणि मध्ये बोलू नका. अंगणवाडी चांगली की वाईट हे इमारतीच्या रंगावरनं, भिंतीवरच्या फळाफुलांच्या चित्रांवरनं कळत नाही. मी तासाभरात चारच गोष्टी बघते: सेविका एकेका पोराशी, त्याचं नाव घेऊन, किती वेळा बोलली? पोरं किती वेळा स्वतःहून बोलली? हाताळायला काय होतं आणि ते पोरांच्या हातात होतं की कपाटात? आणि तासाभरात पोरांना उठायला, नाचायला, हुंदडायला मिळालं का?

बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं: सेविका एक ओळ म्हणते, पोरं ती सुरात ओरडतात. एक ते दहा, अ ते ज्ञ, ए बी सी डी. पालक खूश होतात, कारण ओरडणं बाहेर ऐकू येतं. पण दहापर्यंत ओरडणाऱ्या पोरापुढं पाच शेंगा ठेवल्या आणि 'तीन दे' म्हटलं की ते मूठभर उचलून देतं. आमच्याकडं नऊपैकी सहा जणांनी तसंच केलं.

या वयात शिकणं म्हणजे बोटं, कान, जीभ आणि गप्पा. चार वर्षांच्या पोराच्या बोटांत पेन्सिल नीट धरायची ताकद नसते. ती येते माती मळून, शेंगा फोडून, कणसाचे दाणे सोडवून, दोरीत बांगड्या ओवून. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही. एक सावधगिरी मात्र पाळा: तीन वर्षांखालच्यांच्या हाती दाणे-चिंचोके द्यायचे नाहीत. ती नाकात घालतात. एका हरभऱ्यापायी आम्ही वडाप गाडी करून दवाखाना गाठलाय.

शासनाचं म्हणणंही याहून वेगळं नाही, हे पालकांना सांगता आलं पाहिजे. महाराष्ट्रात अंगणवाडीसाठी 'आकार' हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. केंद्रानं २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं आणि २०२४ मध्ये ३ ते ६ वयासाठी 'आधारशिला' हा आराखडा आणला. या सगळ्यांचा भर खेळ, गोष्टी, गप्पा, गाणी आणि हाताळणं यावरच आहे. सेविकेकडं पुस्तिका असतेच, बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. ती बाहेर काढायला लावा आणि आठवड्याचं नियोजन भिंतीवर टांगा. 'सोमवारी काय, मंगळवारी काय' हे आईला वाचता आलं की 'शिकवत न्हाईत' हे वाक्य निम्मं मरतं.

आमचं गाडं फिरलं ते बेंदरामुळं, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणामुळं. बेंदराच्या आधी दोन दिवस कुंभाराकडनं पाटीभर मळलेली माती आणली आणि सतरंजी गुंडाळून पोरांपुढं ठेवली. कुणी सांगायच्या आत पोरं बैल करायला लागली. एकानं केलेल्या बैलाला पाच पाय. सेविकेनं विचारलं, "हा पाचवा कुठला रे?" तो म्हणाला, "शेपटी हाय ती, खाली पडलीय." वर्षभर गप्प बसलेली एक पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, "माझा बैल जेवला, मी पण जेवलो."

आता आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. मीही घरात तसंच बोलते, नव्हे, बोलतो! पूर्वी तपासणीला आलेल्या बाहेरच्या एका बाईंनी त्या पोरीला सगळ्यांदेखत 'जेवलो नाही, जेवले म्हण' असं चारदा म्हणायला लावलं होतं, आणि तेव्हापासून पोरगी मिटून गेली होती. आजी म्हणत होती तेच पोर हे. म्हणून सेविकेला, मदतनिसाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना आमचा नियम एकच: पोराची घरची बोली दुरुस्त करायची नाही. तुम्ही तुमच्या भाषेत उत्तर द्या; पोरगं ऐकतंय, सहा वर्षांचं होईपर्यंत दोन्ही उचलतं.

पाणी, संडास, कुलूप

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात लवकर सुटणारा आहे. आमच्या अंगणवाडीचा संडास बांधलेला होता, आत जळण आणि जुनी खोकी. किल्ली हरवली नव्हती. नळ नव्हता म्हणून साफ कोण करणार, या एका प्रश्नापायी तो बंद होता. पन्नास फूट पाइप टाकली, प्रश्न मिटला.

पैसा कुठला? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सतरंज्या नाहीतर भांडी वाटून उडवला जातो. त्यासाठी आधीच हात पुढं करा. वर्षाचा 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा ठरताना अंगणवाडीचं काम त्यात नावानिशी घालून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं ठराव करा आणि मग ग्रामसभेत तो वाचून कायम करा. ठरावाची भाषा मोघम नको. 'अंगणवाडीची सुधारणा करणे' असं लिहिलं की काहीच होत नाही. 'संडासात नळजोड, हात धुण्यासाठी कमी उंचीचे तीन नळ, दोन सतरंज्या, खिडकीला जाळी, ३१ डिसेंबरपूर्वी' असं लिहा, आणि ठरावाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.

ताटात काय पडतं

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार ३ ते ६ वयाच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम शिजवलेलं जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, असं मूळ कायद्यात होतं. कुपोषित मुलासाठी हाच आकडा ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असा होता; हे निकष २०२३ मध्ये बदलले. हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. पण २०१७ मध्ये ठरलेला दर एका मुलामागं दिवसाला ८ रुपये होता, आणि त्या पैशात बचत गटाच्या बाया काय शिजवणार, हेही समजून घ्या. आधी भांडायला गेलात तर पातेलं आणखी पातळ होतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. रोज एका आईनं येऊन पोरांच्या आधी चव घ्यायची आणि वहीत सही करायची. महिनाभरात उसळीत मटकी दिसायला लागली. दुसरं, ज्याच्या परसात जे पिकतं त्यातलं मूठभर आणायचं: शेवग्याचा पाला, घेवडा, गूळ. सक्ती कुणावर नाही. आणि डब्यात खिचडी घरी न्यायची पद्धत हळूहळू बंद केली. जेवण सतरंजीवर, सगळ्यांनी मिळून, हात धुऊन. हे करताना पहिल्या आठवड्यात दोन घरांशी वाजलं. त्यांतल्या एका घरात धाकटं पोरगंही त्याच डब्यावर जेवायचं, हे भांडणातनंच कळलं. त्या धाकट्याचं नाव तीन वर्षांखालच्यांच्या घरपोच आहाराच्या यादीत घालायचंच राहून गेलं होतं.

महिन्याचं वजन-उंची आईच्या देखत व्हावी. सहा महिन्यांच्या पुढच्या आणि पाच वर्षांखालच्या पोराच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवायचं, पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातनं दोनदा तपासणीला येतं. तारीख आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोरं घरी राहणार नाहीत एवढं बघा.

सेविकेचा वेळ कोण खातं

दर्जाबद्दल बोलताना सगळं सेविकेवर ढकलणं सोपं असतं. तिची बाजू बघा. घरपोच आहार, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या भेटी, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपवर नोंदी, वरनं येणारे सर्व्हे. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणींचे अर्ज भरायला हिच्याच दारात रांग होती. २०२३ च्या ४ डिसेंबरपासून राज्यातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, तेव्हा गावानं दोन महिने नावं ठेवली, पण त्या मागतात काय हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. त्यांना मिळतं ते मानधन. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

गावाला पगार वाढवता येत नाही, पण सकाळचे दोन तास वाचवता येतात. आम्ही ठरवलं की दहा ते बारा सेविकेकडं दाखला, सही, अर्ज, चौकशी घेऊन कुणी जायचं नाही. दूध संस्थेच्या फळ्यावर तसं लिहून ठेवलं. दोन्ही वेळेला अख्खं गाव तिथं येतं, ग्रामपंचायतीचा फळा कोण वाचतंय! ट्रॅकरला रेंज लागत नाही म्हणून ती डोंगराकडं फोन धरून उभी असायची, तर शेजारच्या घरातलं वायफाय मागून घेतलं. आठवड्यातनं एकदा एक आजोबा गोष्ट सांगायला येतात. ते मागच्या आठवड्याची गोष्टच विसरतात आणि वेगळीच सांगतात. पोरं त्यांना दुरुस्त करतात. भाषेचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

इंग्रजी नर्सरी आणि पिवळी गाडी

इथं बहुतेक गावं चूक करतात. 'सरकारी शाळा वाचवा' म्हणून सभा घेतात आणि पोर बाहेर धाडणाऱ्या आईला चारचौघांत बोलून दाखवतात. ती आई परत येत नाही. तिनं विचार करून, उसाच्या बिलातनं फी भरून तो निर्णय घेतलेला असतो.

तिला तीन गोष्टी शांतपणे सांगा, घरी जाऊन, चहा पिताना. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात. अडीच वर्षांचं पोरगं लवकर गाडीत बसवून पहिली लवकर येत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, आणि घरची भाषा पक्की करूनच पुढं जायला सांगितलंय. तिसरं, गाडीत पोर किती वेळ बसतं हे घड्याळ लावून बघा. आमच्या एका पोराचे जाऊन-येऊन दीड तास जात होते.

आणि मग बोलणं थांबवून तिला शनिवारी अंगणवाडीत बोलवा. महिन्यातला एक शनिवार आम्ही आयांसाठी ठेवला. त्या येतात, सतरंजीवर बसतात, पोरांबरोबर भेंडीचे ठसे उमटवतात. प्रचार असा काहीच नसतो.

खरी अडचण वेळेची आहे. बाराला सुटणारी अंगणवाडी दिवसभर भांगलणाऱ्या बाईच्या उपयोगाची नाही, आणि यावर आमच्याकडं पुरतं उत्तर नाही. हंगामाच्या दोन महिन्यांत बचत गटातल्या दोघी आळीपाळीनं दुपारी पोरं सांभाळतात, बाकीच्या त्यांना रोजातले काही पैसे देतात. ओढूनताणून चालतंय.

नाव नोंदवणं

एप्रिल-जून हा नोंदणीचा काळ. त्याच सुमाराला प्राथमिक शाळेत 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. अंगणवाडीतनं पहिलीत जाणारी आणि नव्यानं अंगणवाडीत येणारी, दोन्ही पोरं त्या दिवशी एकत्र आणा.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. शिक्षण हक्क कायद्याची सक्ती ६ ते १४ वयाला आहे. त्याच्या खालच्या पोरांसाठी दंडही नाही, सक्तीही नाही. म्हणजे ओढून आणायचा रस्ताच बंद आहे. त्यावर जुना तोडगा बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांना हाच अनुभव आला की पोरं बालवाडीत येत नाहीत, तेव्हा त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आम्हीही मे महिन्यात आठ दिवस माती, बांगड्या आणि दोरी घेऊन रोज एका गल्लीत बसलो. ज्या पोरांनी तिथं माती मळली ती जूनमध्ये आपसूक आली.

वस्ती लांब असेल तर वेगळी अंगणवाडी मागता येते. सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या वस्तीला मागणीवरून अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. मागणीपत्राला मुलांची नावं, जन्मतारखा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ऊसतोड मजुरांच्या पोरांना 'तुमचं नाव बीडला आहे' म्हणून परत पाठवू देऊ नका. मूळ गावातली नोंद पोषण ट्रॅकरवर इकडं घेता येते.

अडलंच तर क्रम पाळा: आधी सुपरवायझर मॅडम, मग तालुक्याचे बाल विकास प्रकल्प अधिकारी, मग कोल्हापुरात जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. सगळं लेखी आणि पोच घेऊन. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये आणि ३० दिवस. आम्हाला एकदाच करावा लागला, वजनकाट्यासाठी.

चौथ्या वर्षी फळ्यावर पट २७ लिहिला गेला, ३१ चा चारनं खाली. बाहेर जाणाऱ्या पोरांची नावं आम्ही काढून टाकली होती. सुपरवायझर मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, पट कमी कसा झाला? सेविका म्हणाली, "मॅडम, आत येऊन मोजा." अकरा वाजले होते. सतरंजीवर तेवीस होती, आणि दोघं नळावर हात धुण्याच्या नावाखाली एकमेकांना भिजवत होते.